बॉल किती जोरात येतो ते सोडा, बॅट किती जोरात फिरते ते बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या क्रीडा पानावर मागच्या आठवड्यात शालेय बेसबॉल स्पर्धेची बातमी आली. फोटो छान होता, आपल्याकडच्या पोरापोरींना एवढी जागा मिळाली याचा खरंच आनंद झाला, नाहीतर क्रिकेट आणि कबड्डी सोडून बाकीच्या खेळांना कोण विचारतं. पण त्या बातमीत एक वाक्य होतं की बॉल वेगात आला की बॅटरला फार काही करावं लागत नाही, बॅट नीट मध्ये घातली की बॉल जेवढ्या जोरात येतो तेवढ्याच जोरात परत जातो. हे वाक्य वाचून गप्प बसवत नाही म्हणून हे पत्र. लिहिणाऱ्याला दोष द्यायचा म्हणून लिहीत नाहीये, कारण हेच वाक्य ग्राउंडवर कोचच्या तोंडी असतं, पालकांच्या तोंडी असतं आणि टीव्हीवर क्रिकेट बघताना तर आपण सगळेच म्हणतो की बॉलरचा पेस वापरला आणि सिक्स मारला. मी भुसावळला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, सकाळी ग्राउंडवर पोरांच्या बॅटिंगला उभा राहतो, त्यामुळे या एका समजुतीनं पोरांचं काय नुकसान होतं ते रोज डोळ्यासमोर आहे.

आधी आकडे सांगतो, मग बाकीचं बोलू. लाकडी बॅटचा जो चांगला भाग असतो, टोकापासून साधारण १५ सेंटीमीटर आतला, तिथं बॉल बरोबर बसला तर परत जाणाऱ्या बॉलचा स्पीड काढायचा हिशोब एकदम सोपा आहे. येणाऱ्या बॉलच्या स्पीडचा पाचवा हिस्सा घ्यायचा, म्हणजे ०.२ पट, आणि त्यात बॅटच्या स्पीडच्या १.२ पट मिळवायचे. झालं. हा काही माझा शोध नाही, अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीचे अ‍ॅलन नेथन नावाचे फिजिक्सचे प्रोफेसर आहेत, मूळचे अणुकेंद्राचा अभ्यास करणारे, ते आणि त्यांच्यासारखे बरेच जण वर्षानुवर्षं यावर काम करत आलेत आणि हा हिशोब तिथं सगळे मानतात.

आता हा हिशोब लावून बघा. पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, हातातून बॉल ताशी १४० किलोमीटरनं सुटला. पिचरच्या पाटीपासून बॅटर उभा असतो त्या होम प्लेटपर्यंत १८.४४ मीटर अंतर आहे, तेवढ्यात हवा त्याचा आठ-दहा टक्के स्पीड खाते, म्हणजे बॅटपाशी तो साधारण १२८ नं पोचतो. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक बेसबॉल लीगच्या, बॅटरचा बॅट फिरवायचा स्पीड साधारण ११६ असतो. मग १२८ चा पाचवा हिस्सा २६, आणि ११६ चे १.२ पट १३९, एकूण १६५. म्हणजे १६५ किलोमीटरनं बॉल निघाला, त्यात पिचरची कमाई फक्त २६ आणि बॅटची १३९! पिचरनं अजून १० किलोमीटर जोर लावला तर परतीच्या स्पीडमध्ये फक्त २ ची भर पडते, आणि बॅटरनं बॅट १० नं वाढवली तर १२ ची. एकास सहा असा फरक आहे हा. पेपरात छापायचंच असेल तर हे छापा साहेब, कारण यातच सगळी मेख आहे.

आता कोणी म्हणेल की हे ०.२ आणि १.२ आले कुठून. तर त्याचं असं आहे की बेसबॉल दिसतो टणक पण आत कॉर्क आणि रबराचा गाभा आणि त्यावर गुंडाळलेली लोकरीची सुतळी असते, वरून चामडं, १०८ दुहेरी टाके. हा बॉल जोरात भिंतीवर मारला तर तो साधारण निम्म्याच स्पीडनं परत येतो. मेजर लीगचा नियमच आहे की ताशी ९३ किलोमीटरच्या आसपास बॉल मारून बघायचा आणि तो ०.५१४ ते ०.५७८ पट स्पीडनं परत यायला पाहिजे, त्याहून जास्त मारला तर अजून कमी होतो. स्पीड निम्मा म्हणजे एनर्जी पाव. पाऊण एनर्जी आतली सुतळी एकमेकींवर घासण्यात आणि गरम होण्यात गेली, ती काही परत मिळत नाही. ही झाली पक्क्या भिंतीची गोष्ट. बॅट भिंतीसारखी पक्की नसते, ती स्वतः मागं रेटली जाते, वाकते, त्यामुळे निम्मा सुद्धा उरत नाही, पाचवा हिस्सा उरतो. म्हणूनच बंट करताना बॅट नुसती आडवी धरली की बॉल पुढ्यातच मरून पडतो. बॉल जेवढ्या जोरात येतो तेवढ्याच जोरात परत जात असता तर बंट नावाचा प्रकारच खेळात राहिला नसता, हे एवढं साधं आहे.

मग १.२ कुठून? क्षणभर बॅटवर बसून बघताय असं समजा. तुमच्याकडे बॉल १२८ नं येतोय आणि तुम्ही स्वतः त्याच्याकडे ११६ नं चाललाय, म्हणजे तुम्हाला तो २४४ नं येताना दिसणार. त्याचा पाचवा हिस्सा ४९, तेवढ्या स्पीडनं तो तुमच्यापासून लांब जाणार. आणि तुम्ही तर मुळात ११६ नं पुढे चाललेलेच आहात, म्हणून जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला तो ११६ अधिक ४९, म्हणजे १६५ नं जाताना दिसतो. बॅटचा स्पीड एकदा पूर्ण मोजला जातो आणि वर परत पाचवा हिस्सा. मी वर्गात संवेग अक्षय्यतेच्या धड्याला हे उदाहरण घेतो, गाडीचे डबे एकमेकांना धडकतात त्या उदाहरणापेक्षा पोरांना हे लवकर कळतं, मागच्या बाकावरचे पण वही काढतात.

क्रिकेटवाले लगेच विचारतील की मग लेट कटला काय म्हणायचं, तिथं तर बॅट जवळजवळ हलत पण नाही आणि बॉल बाउंड्रीला जातो. बरोबर आहे, पण तिथं बॉल परत फिरतच नाही ना भाऊ, तो ज्या दिशेनं चाललाय त्याच दिशेला थोडा वळवून दिलाय, त्याचा स्पीड त्याच्याजवळच राहतो. तिथं पेस वापरला म्हणणं शंभर टक्के खरं. समोर, बॉलरच्या डोक्यावरून मारलेल्या फटक्याला मात्र ते लागू पडत नाही, तिथं बॉलला आधी थांबवायचा आणि मग उलटा पाठवायचा असतो. शिवाय क्रिकेटमध्ये बॉल टप्पा खातो आणि तिथंच बराच मंदावतो. क्रिकेटची बॅट जास्त जड, बॉल पण थोडा जड, १५६ ते १६३ ग्रॅम, बेसबॉल १४२ ते १४९, त्यामुळे आकडे थोडे इकडे तिकडे होतात पण हिशोबाची रीत तीच.

याचा सगळ्यात मोठा पुरावा अमेरिकेत दरवर्षी जुलैत सगळ्यांसमोर होतो. होम रन डर्बी नावाची स्पर्धा असते, त्यात मोठमोठे बॅटर एकामागून एक होम रन, म्हणजे आपल्या सिक्ससारखे मैदानाबाहेर जाणारे फटके, मारतात आणि बॉल टाकणारा कोण असतो, तर बहुतेक वेळा त्यांचाच कोच किंवा ओळखीतलं कोणीतरी, हळू, मारायला सोयीचा बॉल टाकतं. आणि ते बॉल स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर जाऊन पडतात. पेसवर होम रन होत असता तर ही स्पर्धा झालीच नसती.

२०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट नावाची सिस्टीम बसवलीय, बॅटवरून सुटलेल्या प्रत्येक बॉलचा स्पीड तिथं मोजला जातो. पिट्सबर्गचा ओनील क्रूझ नावाचा उंचपुरा खेळाडू आहे, त्यानं २०२२ मध्ये १२२.४ मैल म्हणजे ताशी १९७ किलोमीटरचा फटका मारला आणि २०२५ मध्ये स्वतःचाच रेकॉर्ड मोडून १२२.९ मैल केला. उलटा हिशोब लावा, बॉल १३५ नं आला असं धरलं तर त्यातले २७ पिचरचे, उरलेले १७० बॅटचे, म्हणजे बॅट १४० च्या आसपास फिरली असणार. जगातला सगळ्यात वेगवान पिच अ‍ॅरोल्डिस चॅपमनचा, २०१० मधला, १०५.८ मैल म्हणजे ताशी १७० किलोमीटर. आपल्याला माहीत असलेला शोएब अख्तरचा २००३ च्या वर्ल्डकपमधला बॉल १६१.३ चा. पण चॅपमनसमोर उभं राहून नुसती बॅट मध्ये घातली तर बॉल तीसेक किलोमीटरनं परत येईल, गल्लीतली सायकल याच्या जवळपास जाते.

आता नुकसान कुठं होतं ते सांगतो. बॉलच्या जोरावर बॉल जातो असं डोक्यात बसलं की दुसरी गोष्ट आपोआप बसते, ती म्हणजे बॅट जेवढी भारी आणि पकड जेवढी घट्ट तेवढा फटका मोठा. शाळेच्या किटमध्ये सगळ्यांना मिळून दोन-तीन बॅटा, त्या पण मोठ्या माणसांच्या मापाच्या, आणि सातवीतलं पोरगं तिला दोन्ही हातांनी आवळून उभं असतं. दंड ताठ, खांदे वर, बोटांचे पेर पांढरे पडलेले. बॉल निघून जातो तरी बॅट अजून अर्ध्या रस्त्यात असते. परवा एक पोरगं यावलकडचं, वैतागून म्हणालं, "सर, हाई बॅट भलती जड शे, फिरतच नही." त्याला कोणीतरी आधी सांगितलेलं होतं की जड बॅटनंच ताकद येते, सवय कर. त्याच्या हातात हलकी बॅट दिली, हँडलवर पकड दोन बोटं वर घ्यायला लावली, आणि बॉल इनफिल्डच्या, म्हणजे बेसच्या आतल्या मैदानाच्या, बाहेर जायला लागला. त्याचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही.

घट्ट पकडीचं पण फिजिक्स ऐका, मला हा सगळ्यात आवडता भाग आहे. बॉल आणि बॅट एकमेकांना किती वेळ चिकटलेले असतात माहितीये? सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा पण कमी, साधारण ०.७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात १४५ ग्रॅमचा बॉल १२८ नं येत असलेला थांबतो, चपटा होतो आणि १६५ नं उलटा निघतो. त्यासाठी लागणारा सरासरी जोर काढला तर साधारण १७०० किलो वजनाइतका येतो, म्हणजे आपल्या कापसाच्या भाषेत १७ क्विंटल, आणि मधल्या क्षणी तर त्याच्या जवळपास दुप्पट. आता मला सांगा, कुठल्या माणसाची पकड १७ क्विंटलला पुरी पडणार आहे. हाताचा तिथं संबंधच येत नाही. बॉल लागला की बॅटमध्ये एक लहर निघते, ती हँडलपर्यंत जाऊन हातांची खबर घेऊन परत येईपर्यंत बॉल बॅट सोडून निघून पण गेलेला असतो. म्हणजे त्या क्षणाला बॅट मोकळीच आहे, कोणाच्याच हातात नाही, असं धरून हिशोब केला तरी उत्तर बरोबर येतं. पकड कशासाठी, तर बॅट फिरवण्यासाठी आणि सुटू नये म्हणून. फटक्याच्या क्षणी आवळून बॉलचा स्पीड वाढत नाही, उलट आधीपासून आवळून धरली तर मनगटं अडकतात आणि फिरणं मंदावतं.

हाताला झिणझिण्या येतात त्याचं कारण पण यातच आहे. बॉल चांगल्या भागावर न बसता टोकाला किंवा हँडलकडे लागला की बॅट जोरात थरथरते, जी एनर्जी बॉलला मिळायला पाहिजे होती ती थरथरण्यात जाते आणि तीच आपल्या तळहातात येऊन चावते. थंडीच्या दिवसात सकाळी तर डोळ्यात पाणी येतं. चांगल्या जागी लागला की हाताला काही कळतच नाही, नुसता टक् असा आवाज येतो आणि बॉल गेलेला असतो. पोरांना मी हेच सांगतो की हाताचं ऐका, हात खोटं बोलत नाही.

बॅटच्या वजनाबद्दल एकच बाजू सांगणं बरोबर होणार नाही. बॅट जड असली तर ती कमी मागं रेटली जाते आणि ०.२ चा आकडा थोडा वाढतो हे खरं, पण फिरायचा स्पीड घटतो. दोन्हीची ओढाताण असते. बेब रूथ ४० औंसांहून जड बॅट वापरायचा, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास, आणि आताचे मेजर लीगवाले ३१ ते ३३ औंसांवर आलेत, म्हणजे ९०० ग्रॅमच्या आसपास. पण पोकळ करून अजून हलकी केली म्हणजे अजून लांब जाईल असंही नाही. २००३ मध्ये सॅमी सोसा सारखा मोठा खेळाडू बॅटमध्ये कॉर्क भरलेला सापडला होता, सगळ्या अमेरिकेत बोंबाबोंब झाली, त्याला बंदी पण झाली. नंतर वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये कॉर्क भरलेल्या बॅटा तपासल्या तर बॉलचा स्पीड त्यानं वाढत नाही असं निघालं, फिरायला जेवढा फायदा तेवढा धडकेत तोटा. मोठ्या ताकदवान माणसाचं गणित असं बरोबरीत सुटतं. लहान पोराचं सुटत नाही, कारण त्याच्या हातात जड बॅट नुसती मंदच होत नाही तर उशिरा पण येते, रस्ता पण सोडते, आणि चांगला भाग बॉलवर बसतच नाही. आणि वजनकाट्यावरचं वजन बघून उपयोग नाही, वजन कुठं आहे ते बघायचं, टोकाला जास्त असेल तर तीच बॅट फिरवायला जड जाते. म्हणून पकड थोडी वर घेतली की तीच बॅट हलकी वाटायला लागते, त्याला एक रुपया खर्च नाही.

आता मुद्द्याचं बोलतो, ज्याच्यासाठी एवढं लांबण लावलं. आपल्याकडच्या शाळा म्हणतात की आमच्याकडे बॉलिंग मशीन नाही, वेगात पिच टाकणारा पोरगा नाही, मग आमची बॅटिंग कशी सुधारणार, नाशिक पुण्याच्या टीम त्यामुळेच पुढे जातात. साहेब, वरचा हिशोब परत बघा. शाळेतल्या पोराची बॅट ८० नं फिरते आणि बॉल ८० नं येतो असं धरा. १६ अधिक ९६, एकूण ११२. आता बॉल फेकूच नका, दांड्यावर नुसता ठेवा, स्पीड शून्य. तरी ९६ मिळतात. म्हणजे न फेकलेल्या, जागेवर ठेवलेल्या बॉलवर पण ८५ टक्के स्पीड मिळतो! फटक्यात जोर कसा आणायचा हे शिकायला मशीन लागतच नाही, बॉल ठेवायचा एक दांडा लागतो, त्याला टी म्हणतात. येणारा बॉल ओळखणं, टायमिंग, ते अर्थात फेकलेल्या बॉलवरच शिकावं लागणार, त्याला दुसरा रस्ता नाही. पण बॅटचा स्पीड टी वर वाढतो, आणि स्पीडमधला सहाचा वाटा तोच आहे.

आणि टी बनवायला आपल्या जळगाव जिल्ह्यात काय तोटा, पाईपांच्या गावात राहतो आपण. दोन मापांचे पीव्हीसी पाईप घ्यायचे, एकात एक सरकणारे म्हणजे उंची कमी-जास्त करता येते, आडवं एक भोक पाडून खिळा घालायचा. खाली लाकडी पाट किंवा चार पायांचा टी-एल्बो जोडून केलेला बूड, हलू नये म्हणून त्यात वाळू. वरच्या तोंडाला गॅरेजमधून रेडिएटरच्या जुन्या रबरी होजचा वीतभर तुकडा आणून बसवायचा, त्यावर बॉल बसतो आणि बॅट चुकून खाली लागली तरी पाईप फुटत नाही. ठिबकवाल्या शेतकऱ्याच्या घरी यातलं अर्धं सामान असंच पडलेलं असतं. समोर जुनं शेडनेट दुहेरी करून सैल लटकवलं की बॉल आणायला पळावं पण लागत नाही. जाळी ताणून बांधू नका, ताणली की फाटते.

स्पीड मोजायचा म्हणाल तर रडार गन पण नको. आता बऱ्याच मोबाईलमध्ये स्लो-मोशन असतो, सेकंदाला २४० फोटो. मोबाईल विटांवर बाजूला काटकोनात ठेवायचा, बॉल जाणार त्या रेषेत फक्कीनं दर मीटरला खूण करायची, भरपूर ऊन असताना घ्यायचं म्हणजे बॉल पुसट येत नाही. मग एकेक फोटो पुढे सरकवून बघायचा. एका फोटोत बॅट बॉलपर्यंत पोचलेली नसते आणि पुढच्याच फोटोत बॉल निघून गेलेला असतो, मधली धडक बहुतेक वेळा सापडतच नाही, कारण दोन फोटोंमध्ये ४ मिलिसेकंद असतात आणि धडक त्याच्या सहाव्या भागात आटोपते. पोरं हे बघून वेडी होतात, परत परत मागे-पुढे करतात. ताशी ९० नं निघालेला बॉल एका फोटोत १० सेंटीमीटर सरकतो, त्यावरून त्रैराशिक मांडायचं. बॅटचं टोक किती सरकलं ते पण त्याच व्हिडिओत दिसतं. आठवीच्या पोराला जमेल असं गणित आहे आणि त्याला स्वतःचा आकडा कळला की तो दुसऱ्या दिवशी वाढवायलाच येतो.

एवढा स्पीडचा ध्यास कशासाठी, तर लांब मारायला. हवेत २५ ते ३० अंशांत गेलेल्या मोठ्या फटक्याला सुटण्याचा स्पीड ताशी १ किलोमीटर वाढला की अंतर जवळपास १ मीटर वाढतं. पुस्तकात ४५ अंश लिहिलंय ते हवा नसलेल्या जगातलं, खऱ्या हवेत एवढा वर मारला की बॉल हवेतच दमतो. आणि इथं आपल्या खान्देशाच्या उन्हाचा पण हात आहे बरं का. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला जातो, तेव्हाची हवा १५ डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण ९ टक्के विरळ असते, त्यात आपण समुद्रसपाटीपासून दोनशे मीटर वर, अजून दोनेक टक्के. अमेरिकेत डेन्व्हर शहर एक मैल उंचीवर आहे, तिथली हवा साधारण १८ टक्के विरळ म्हणून तिथं होम रन फार होतात आणि त्याची जगभर चर्चा होते. आपण उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त डेन्व्हरच असतो की! फक्त हवेचा हा फायदा बॉल सुटल्यानंतरचा आहे, सुटण्याचा स्पीड त्यानं बदलत नाही.

सुटण्याचा स्पीड बदलतो तो बॉलच्या ओलीनं. कोरडा बॉल जास्त उसळतो, दमट बॉल मेल्यासारखा होतो आणि वजनानं पण वाढतो. डेन्व्हरवाल्यांनी २००२ मध्ये बॉल ठेवायला ५० टक्के आर्द्रतेची खास खोली केली, तिथले होम रन कमी झाले, २०२२ पासून तर मेजर लीगच्या तिसही मैदानांवर तशी सोय आहे. आपल्याकडे पावसाळ्यात बॉल पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ओल्या पोत्यात पडलेले असतात आणि मग शालेय स्पर्धेच्या वेळी तेच काढले जातात. एका टीमनं घरून कोरडे बॉल आणून सराव केलेला, मॅचला ओले, मग पोरगं म्हणतं आज फटकाच बसत नाहीये. निदान एका मॅचचे सगळे बॉल एका जागी कोरडे ठेवलेले असावेत, एवढं तर करता येईल.

शेवटचा मुद्दा पिचरच्या जिवाचा आहे आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कंपोझिट बॅटा आतून पोकळ असतात, बॉल लागला की त्यांची भिंत आत दबते आणि स्प्रिंगसारखी परत उसळते, त्यामुळे बॉल कमी चपटा होतो, कमी एनर्जी वाया जाते आणि स्पीड वाढतो. अमेरिकेत म्हणूनच कॉलेजसाठी २०११ पासून आणि हायस्कूलसाठी २०१२ पासून बीबीकोर, म्हणजे बॅटवरून बॉल किती उसळतो त्याचं माप, त्याला ०.५० ची मर्यादा आली, बॅटवर तसा शिक्का पाहिजे, म्हणजे ती लाकडाच्या आसपासच राहते. ताशी १६५ नं सरळ परत आलेला बॉल पिचरपर्यंत ०.४ सेकंदाच्या आत पोचतो, त्यातही बॉल टाकून तो दीड-एक मीटर पुढे आलेला असतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत. आपल्या पोरांचा स्पीड कमी, पण पोरं पण लहान आहेत आणि पुष्कळदा लहान ग्रुपमध्ये पिचर अजून जवळून टाकतो. स्पर्धेत कोणती बॅट चालेल, तिच्यावर शिक्का आहे का, कोणी तपासतं का? मी तरी आजवर कोणाला बॅट हातात घेऊन बघताना बघितलेलं नाही. जिल्हा पातळीवर मॅच सुरू व्हायच्या आधी अंपायरनं बॅटा एकदा तपासाव्यात, आणि लहान वयाच्या पिचरला तोंडावर जाळीचा मास्क सक्तीचा करावा, आपला पेपर हे लावून धरेल तर नक्की होईल.

१९८७ मध्ये अमेरिकेत मेजर लीगचा एक भाग असलेल्या नॅशनल लीगचे अध्यक्ष बार्ट जियामाटी यांनी येल युनिव्हर्सिटीच्या रॉबर्ट अडेर या फिजिक्सच्या प्रोफेसरला लीगचा सल्लागार म्हणून बोलावलं होतं. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला कॉलेज आहे, प्रत्येक कॉलेजात फिजिक्सचा मास्तर आहे, आणि क्रीडा शिक्षक त्याच स्टाफरूममध्ये शेजारी बसलेले असतात. दोघांनी एकदा सकाळी मिळून ग्राउंडवर जावं.

आपल्याला एवढीच विनंती की बातमीतलं ते वाक्य जमलं तर दुरुस्त करून छापावं, आणि पुढच्या स्पर्धेच्या वेळी फक्त कोण जिंकलं ते न देता कोणाचा बॉल किती स्पीडनं सुटला हे पण द्यावं, मोजून देण्याची जबाबदारी मी आणि माझी अकरावीची पोरं घेतो, मोबाईल आमचा, फक्की आमची. टी च्या पाईपांची मापं कोणत्या शाळेला पाहिजे असतील तर पेपरमार्फत विचारावं, कागदावर काढून पाठवीन.

आपला नियमित वाचक,
एक फिजिक्स शिक्षक, भुसावळ